आता शाळेनेच स्थलांतर करावे

दसरा सरतो, दिवाळी तोंडावर येते आणि बालाघाटाच्या डोंगररांगांवर वसलेल्या बीड जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवर दरवर्षीची लगबग सुरू होते. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. आता ती फेडण्याची वेळ आलेली असते. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये धान्याची पोती, भांडीकुंडी, पत्रे, बांबू, शेरडे-करडे चढतात आणि त्या पसाऱ्यावर पोरेबाळे बसतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, परळी या तालुक्यांतील कित्येक गावे पाहता पाहता ओस पडतात. मागे उरतात ती थकलेली म्हातारी माणसे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील हजेरीपट. त्या हजेरीपटावर पुढचे पाच-सहा महिने काही नावांपुढे गैरहजेरीची खूण उमटत राहते. ही कुटुंबे परततात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. तोवर परीक्षा येऊन ठेपलेली असते आणि वर्गाने अर्धेअधिक पुस्तक मागे टाकलेले असते.

गेल्या काही वर्षांत शिक्षणक्षेत्रात तीन शब्दांचा फार बोलबाला आहे. अध्यापन सर्जनशील असावे, ते लवचीक असावे आणि त्याला तंत्रज्ञानाची जोड असावी, असे प्रत्येक परिषदेत सांगितले जाते. या तिन्ही शब्दांशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. आजचा विद्यार्थी तासभर मान खाली घालून फळ्यावरचे उतरवून घेणार नाही, हे प्रत्येक पालकाला घरच्या अनुभवावरून ठाऊक आहे. प्रश्न एवढाच आहे की, या तीन शब्दांचा कस कोठे लावायचा? प्रस्तुत लेखकाच्या मते तो कस शहरातील सुसज्ज वर्गात लागत नाही. तो बीडच्या या हजेरीपटावर लागतो. जी अध्यापनपद्धती अर्धे वर्ष गावाबाहेर राहणाऱ्या मुलाला धरून ठेवील, ती पुण्या-मुंबईच्या कंटाळलेल्या मुलालाही धरून ठेवील. जी त्याला धरू शकत नाही, ती दिसायला कितीही देखणी असली, तरी तिला लवचीक म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कोयत्याचे गणित

ऊसतोडीच्या व्यवहारात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल ठरते ती जोडीची, मजुरी ठरते ती टनावर. या एका हिशोबात ग्रामीण मराठवाड्याच्या अनेक दुखण्यांचे मूळ दडले आहे. एकट्या पुरुषाला उचल मिळत नाही, मिळाली तर निम्मी. म्हणून लग्न लवकर होते. बारा-तेरा वर्षांची मुलगी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर गावी ठेवण्याची आईबापांची छाती होत नाही; म्हणून तिला फडावर नेले जाते. तेथे ती धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. पुढच्या वर्षी तिचे हात पिवळे होतात आणि एक नवा कोयता तयार होतो. शाळा सुटणे ही या साखळीतील पहिली कडी आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७७ टक्के नोंदली गेली आणि त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या अवघी ८०७ भरली. हे दोन आकडे वेगवेगळ्या रकान्यांतले असले, तरी ते शेजारी ठेवूनच वाचले पाहिजेत. जेथे मुलगी शिकून कोणी होईल ही आशाच मावळते, तेथे मुलगी ओझे वाटू लागते.

यात आणखी एक भर पडली आहे. ऊस तोडणारी यंत्रे आता फडांत उतरू लागली आहेत आणि दरवर्षी त्यांची संख्या वाढत आहे. म्हणजे ज्या कोयत्यासाठी शाळा सुटली, तो कोयता तरी या मुलांच्या हाती राहील, याची शाश्वती उरलेली नाही. आजोबांनी ऊस तोडला, बापाने तोडला. नातवाला तोही तोडता येणार नाही आणि दुसरे काही येतही नसेल, अशी वेळ येऊ घातली आहे. बीडच्या शिक्षणाचा प्रश्न आता टाळण्यासारखा राहिलेला नाही, तो यासाठी.

शाळा मुलाकडे नेण्याची परंपरा

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार आपल्याला परक्यांकडून शिकण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात हेच सूत्र होते. लहान मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेल्या अंगणवाडीचे बीज तेथे आहे. थोडी मोठी मुले गुरे राखायला जातात, म्हणून शाळा चुकवतात, हे ध्यानात आल्यावर शाळाच कुरणात गेली आणि तिचे नाव 'कुरणशाळा' पडले. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली मुले शिकत आहेत, ही कल्पना ज्यांना सुचली, त्यांच्याजवळ ना संगणक होता, ना मोठा निधी. त्यांच्याजवळ मुलाच्या दिनक्रमाचा आदर होता. १९९३ साली तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी जे विद्यालय उभे राहिले, तेही याच जातकुळीचे. सतत पालावर राहिलेल्या मुलाला चार भिंतींत बसवायचे, तर आधी त्याच्या अंगी असलेली रानाची, पाखरांची, शिकारीच्या मागाची विद्या ही विद्याच आहे, असे मानावे लागते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीही प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. या शतकाच्या आरंभी छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथील 'जनार्थ' या संस्थेने साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. शिरूर कासार तालुक्यात आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे या दांपत्याने 'शांतिवन' उभे केले आणि शेकडो मुलांच्या हातातील कोयता दूर ठेवला. शासनाने हंगामी वसतिगृहे सुरू केली. आईवडील बाहेर असताना गावात राहणाऱ्या मुलांना दोन वेळचे जेवण आणि अभ्यासाची सोय मिळावी, हा त्यांचा हेतू. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि वयानुरूप वर्गात प्रवेश तसेच एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क मुलाला मिळाला. पुढे शिक्षण हमी पत्रकाची योजना आली. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी शंभर जणांची. भगवानबाबा याच मातीतले. त्यांनी कीर्तनांतून शिक्षणाचा जो आग्रह धरला, त्याचे स्मरण ठेवून नाव दिले गेले, हे उचित झाले.

परंतु हिशोब मांडून पाहावा. ८२ वसतिगृहे पूर्ण क्षमतेने चालली, तरी त्यांत राहू शकतील ८,२०० मुले. आणि एकट्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या काही लाखांच्या घरात आहे. हंगामी वसतिगृहांचे प्रस्ताव, मंजुरी आणि निधी यांचा मेळ बसेपर्यंत ट्रक निघून गेलेले असतात. शिक्षण हमी पत्रक घेऊन गेलेले मूल कारखान्याजवळच्या शाळेत पोहोचते, तेव्हा तेथील वर्ग वेगळ्याच पाठावर असतो. टोळीचा मुक्काम महिन्या-दोन महिन्यांत हलतो आणि शाळाही बदलते. कर्नाटकात गेलेल्या मुलापुढे तर कन्नड फळा उभा असतो. अशा वेळी ते मूल वर्गात अंग चोरून बसते आणि चौथ्या दिवशी कोपीवरच राहते. कागदावर तो 'प्रवेशित' असतो. प्रत्यक्षात तो मोळ्या उचलत असतो.

सर्जनशीलता कोठून येते?

येथे बीड जिल्ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मागासलेपणाच्या बातम्यांमध्ये ती झाकून जाते. २०२२ च्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारांसाठी महाराष्ट्रातून तीन शिक्षकांची निवड झाली आणि त्यांपैकी दोघे एकट्या बीड जिल्ह्यातील होते. गेवराई तालुक्यातील दामू नाईक तांड्यावरील शाळेचे शशिकांत कुलथे आणि आष्टी तालुक्यातील पारगाव जोगेश्वरीच्या शाळेचे सोमनाथ वाळके. दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्या. एक तांड्यावरची, जेथे मुलाच्या घरची बोली गोरमाटी आणि पाठ्यपुस्तकाची भाषा प्रमाण मराठी. दुसऱ्या शाळेतील शिक्षकाने संगीताला अध्यापनाचे साधन केले. शिक्षकदिनी दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते या दोघांचा गौरव झाला, तेव्हा बीडच्या शाळांत काय घडू शकते, याची साक्ष देशापुढे आली.

सर्जनशीलता ही प्रशिक्षण वर्गात वाटण्याची वस्तू नव्हे. शिक्षक मुलाच्या आयुष्याकडे लक्ष देऊन पाहू लागला की ती आपोआप येते. फडावरून परतलेल्या दहा वर्षांच्या मुलाला काय येत नाही, याची यादी आपण लगेच करतो. त्याला काय येते, हे कोण विचारतो? किती मोळ्यांचा एक टन भरतो, याचा अंदाज त्याला असतो. बैलांना वाढे किती लागते, गाडीचा तोल कसा राखायचा, कोणता ऊस आधी तोडायचा, कोणत्या कारखान्याकडे जाताना कोणती नदी लागते, हे त्याला ठाऊक असते. गणित, विज्ञान आणि भूगोल या तिन्ही विषयांचे साहित्य त्याच्या डोक्यात भरलेले आहे. त्याला 'मागे पडलेला' म्हणून शेवटच्या बाकावर बसवण्याऐवजी त्याच्याकडून फडाचा नकाशा काढून घेणारा शिक्षक हा खरा सर्जनशील शिक्षक. मुकादमाच्या वहीतील उचल, टनेज, खाडे आणि बाकी यांचा हिशोब ज्या दिवशी सातवीतील मुलगी आपल्या बापाला वाचून दाखवील, त्या दिवशी शिक्षण कशासाठी, हे त्या घराला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जिल्ह्यात अशा साहित्याला तोटा नाही. बीड शहराजवळची खजाना बावडी दुष्काळातही पाणी राखून असते. भूगर्भातील पाणी आणि उतार यांचा एवढा चांगला पाठ कोणत्या चित्रफितीत मिळणार? बालाघाटाच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. माती, हवा आणि बाजारपेठ यांचा संबंध त्यावरून शिकवता येतो. आणि अंबाजोगाईच्या दासोपंतांना आपण कसे विसरतो? सोळाव्या-सतराव्या शतकातील या संतकवीने पंचीकरणासारखा गहन विषय सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा एका कापडी पटावर लिहिला. ती पासोडी आजही अंबाजोगाईत आहे. अवघड विषय भिंतभर पसरून लोकांपुढे मांडावा, ही दृष्टी या भूमीत चारशे वर्षांपूर्वी होती. हाती असलेल्या साधनाला ज्ञानाचे वाहन करणे, यालाच शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणतात. त्या काळी ते साधन कापड होते, आज ते भ्रमणध्वनी आहे.

आधी शिक्षक, मग यंत्र

तंत्रज्ञानाबद्दल आपल्या समाजात दोन टोकाच्या भूमिका दिसतात. काहींना वाटते, प्रत्येक वर्गात पडदा लागला की शिक्षण सुधारले. काहींना वाटते, भ्रमणध्वनीने पिढी नासली. महाराष्ट्राचा अनुभव या दोहोंच्या मधला आहे.

१९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. दूरदर्शनवरून तिचे शैक्षणिक कार्यक्रम पाहत एक पिढी वाढली. साधन बदलले, दूरचित्रवाणीची जागा भ्रमणध्वनीने घेतली आणि २०१७ मध्ये ही संस्था बंद पडली. नव्या काळात नवा अवतार घेण्याची संधी तिला मिळायला हवी होती. दुसरीकडे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरची शाळा लोकसहभागातून डिजिटल झाली आणि तिचे अनुकरण राज्यभर झाले. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील ज्ञानरचनावादी वर्ग पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली आणि 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द रूढ झाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या प्रत्येक उदाहरणात आधी शिक्षक उभा राहिला आणि मग यंत्र आले. जेथे हा क्रम उलटा झाला, तेथे लोकवर्गणीचा प्रक्षेपक कपाटात बंद आहे, वीजबिल थकले आहे आणि पडद्यावर धूळ साचली आहे.

टाळेबंदीने तर सर्वांचीच परीक्षा घेतली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ऊसतोडीचा हंगाम संपायचा होता. लाखाहून अधिक मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले. एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना गावी परतण्याची परवानगी मिळाली. पुढे 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा झाली. मध्यमवर्गीय घरांत मुलांच्या हाती स्वतंत्र यंत्र आले. बालाघाटावर मात्र एका घरात एकच भ्रमणध्वनी, तोही बापाच्या खिशात, आणि संपर्कासाठी टेकडीवर चढावे लागे. तंत्रज्ञान समता आणते, हे खरे. पण ते कोणासाठी योजले आहे, यावर ती समता अवलंबून असते.

काय करता येईल?

दोन अनुभव येथे उपयोगी पडतील. एक दूरचा आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशात १९७० च्या दशकाच्या मध्यास 'एस्कुएला नुएवा', म्हणजे 'नवी शाळा', ही ग्रामीण पद्धत आकाराला आली. एकाच खोलीत अनेक इयत्ता, मुलांना स्वतः वाचून पुढे जाता येईल अशा अभ्यासपुस्तिका आणि प्रत्येकाने आपापल्या गतीने वरच्या वर्गात जाण्याची मुभा, अशी तिची रचना. शेतीच्या हंगामात मूल महिनाभर घरच्यांबरोबर कामाला गेले, तर परतल्यावर ते जेथे थांबले होते, तेथूनच पुढे सुरू करते; नापासाचा शिक्का बसत नाही. दुसरा अनुभव आपल्याच देशातला आहे. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथे ग्रामीण शाळांसाठी 'अध्ययनाची शिडी' तयार झाली. संपूर्ण अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे, प्रत्येक टप्प्याचे कार्ड आणि शिडीवर आपण कोणत्या पायरीवर आहोत, हे मुलाला स्वतःला कळते. तमिळनाडूने याच धर्तीची कृतियुक्त पद्धत आधी चेन्नईच्या महापालिका शाळांत आणि नंतर राज्यभर राबवली.

बीडला हवे आहे ते हेच. आपला अभ्यासक्रम आगगाडीसारखा आहे. एकदा डबा चुकला की गाडी निघून जाते. तो शिडीसारखा झाला, तर मूल कोठेही थांबू शकते आणि तेथूनच चढू शकते. त्यासाठी काही गोष्टी तातडीने करता येतील.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. ही कुटुंबे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर गावी असतात आणि नेमकी त्याच काळात दीड महिना शाळेला उन्हाळी सुटी असते. ज्या गावांत निम्मा पट स्थलांतर करतो, तेथे एप्रिल, मे आणि जून हे शिकवण्याचे महिने का असू नयेत? सकाळच्या गारव्यात तीन तास शाळा भरवावी. शिक्षकांना त्याच्या मोबदल्यात हिवाळ्यात आळीपाळीने रजा द्यावी. सुटी मुलांसाठी असते. मूल गावात असताना शाळा बंद आणि मूल फडावर असताना शाळा उघडी, ही रचना कोणाच्या हिताची?

दुसरी गोष्ट फडावरच्या शिक्षकाची. प्रत्येक मोठ्या टोळीत दहावी-बारावी झालेला एखादा तरुण किंवा एखादी सून असतेच. तिला मानधन द्यावे, कार्डांची पेटी द्यावी, महिनाभराचे प्रशिक्षण द्यावे. ऊस भरून गाड्या गेल्या की संध्याकाळी दोन तास कोप्यांसमोर वर्ग भरावा. बाहेरचा शिक्षक तेथे रोज पोहोचणार नाही; टोळीतला माणूस टोळीबरोबरच फिरतो.

तिसरी गोष्ट तंत्रज्ञानाची. ते येथे नम्रपणे वापरावे. संपर्काविना चालणारे पाठ साठवलेला एखादा साधा संच, सौर चार्जर आणि गावच्या बाईंनी किंवा सरांनी आठवड्यातून एकदा पाठवलेला आवाजी निरोप, एवढे पुरे आहे. आपल्या बाईंचा आवाज नाव घेऊन विचारतो आहे, 'आठव्या कार्डावर अडलीस का गं?' हे त्या मुलीला शाळेशी बांधून ठेवील. 'सरल' प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद आहेच. त्या नोंदीत मुलाची पायरी लिहिली, तर सांगली किंवा बेळगावकडच्या शिक्षकाला हे मूल कोठे आहे, याचा शोध शून्यापासून घ्यावा लागणार नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी चर्चा आहे. मराठी, गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला वाचून दाखवणारे, त्याचे वाचन ऐकून दुरुस्त करणारे साधन फडावर पोहोचले, तर त्या चर्चेला अर्थ येईल.

चौथी गोष्ट वसतिगृहाची. ते घटस्थापनेला उघडले पाहिजे. दिवाळीनंतर उघडलेले वसतिगृह हे पाहुणे जेवून गेल्यावर मांडलेल्या पानासारखे आहे. विशेषतः पाचवीपुढच्या मुलींसाठी निवास, सुरक्षितता आणि स्त्री अधीक्षक यांची खात्री आईबापांना आधी दिसली पाहिजे, म्हणजे त्या मुली ट्रकमध्ये चढणारच नाहीत.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. फडावर वर्ग भरवले तर मुलांनी फडावर जाणे आपण मान्य केल्यासारखे होईल; त्यापेक्षा सर्वांना वसतिगृहात ठेवावे, असे अनेक कार्यकर्ते म्हणतात. साखरशाळांबाबतही हाच वाद झाला होता आणि औपचारिक शाळेच्या आग्रहापुढे त्या मागे पडल्या. मोठ्या मुलांसाठी हा आग्रह योग्यच आहे. परंतु सहा-सात वर्षांचे मूल आई मागे ठेवणार नाही आणि ठेवावे असे आपणही तिला सांगू नये. त्या मुलासाठी फडावर काहीच नसणे, ही तत्त्वनिष्ठा नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी समाजाच्या सहकार्याने पर्यायी आणि नावीन्यपूर्ण शिक्षणकेंद्रे असावीत, असे म्हटले आहे. धोरणात जागा आहे. ती जागा भरणारी माणसे हवीत.

समाजाचा वाटा

हे सारे शासनाने करावे, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. शासनाची जबाबदारी आहेच आणि साखर कारखान्यांचीही आहे. ज्यांच्या गाळपासाठी ही कुटुंबे येतात, त्यांनी वर्गापुरती सावली, दिवा आणि पाणी देणे हे उपकार नव्हेत. परंतु समाजानेही आपला वाटा उचलला पाहिजे. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांतील वाचकांच्या घरापासून चार-पाच कोसांवर यंदाही बीडच्या टोळ्या कोप्या घालून राहतील. निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी, सुटीच्या दिवशी वेळ देऊ शकणाऱ्या गृहिणी यांनी एकेका टोळीची जबाबदारी घेतली, तर मोठ्या निधीची वाट पाहावी लागणार नाही. बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी नवरात्रापूर्वी आपापल्या गावातून कोणती मुले जाणार आहेत, कोणत्या कारखान्यावर जाणार आहेत आणि ती कोणत्या पाठावर आहेत, याची यादी करावी. ती यादी त्या भागातील कार्यकर्त्यांच्या हाती हंगाम सुरू होण्याआधी पडली, तर अर्धे काम झाले.

आपल्या घरातील मुले शिकवणीवर्गांच्या फेऱ्या करून दमली आहेत. लातूरच्या वाटेवर लागलेल्या बीडच्या मध्यमवर्गीय मुलाला पाठांतर भरपूर येते; स्वतःचा प्रश्न स्वतः विचारता येत नाही. आपल्या गतीने चढण्याची शिडी त्यालाही हवी आहे. फडावरच्या मुलासाठी आपण जी पद्धत घडवू, तिचा लाभ या मुलालाही होईल.

येत्या पावसाळ्यात उचलीचे पैसे वाटले जातील तेव्हाच कोणता कोयता कोठे जाणार, हे ठरेल. मुकादमाजवळ त्याची पक्की यादी असते. तेवढीच पक्की यादी शाळेजवळ असावी आणि ती मुकादमाच्या आधी तयार व्हावी. एवढे जरी यंदा साधले, तरी पुष्कळ झाले.